डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला, वारेचं काय?

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे. धायरीला राहते, नोकरी खराडीला. लग्नाला सहा वर्षं झाली आणि आता पहिल्यांदा दिवस राहिले आहेत. तेरावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर झाला. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे, एनटी १.६ मिलिमीटर, नाकाचं हाडही दिसतंय. दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात डाऊन सिंड्रोमसमोर १:१८० आणि शेजारी लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’. पॅप-ए ०.३४ एमओएम. डॉक्टरांनी एनआयपीटी (आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए बघणारी तपासणी) किंवा गर्भजल तपासणी करायला सांगितली. निघताना ‘पॅप-ए कमी आहे, प्लासेंटावर लक्ष ठेवावं लागेल’ असंही काहीतरी म्हणाल्या, पण तोवर मला काही ऐकूच येत नव्हतं.

माझ्या नणंदेचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा आहे, नऊ वर्षांचा. आमच्याकडे आला की ‘मामी, मामी’ करत दिवसभर माझ्या मागेमागे असतो. माझा फार जीव आहे त्याच्यावर. म्हणूनच ‘आपलं बाळ तसं नसावं’ असं मनात आलं की स्वतःची लाज वाटते. सासूबाई म्हणतात, तू ग्रहण पाळलं नाहीस, त्या दिवशीही ऑफिसला गेलीस. आता तरी नोकरी सोड आणि पडून राहा. नवरा म्हणतो, एनआयपीटी नॉर्मल आली की विषय संपला. माझ्या बाळाला खरंच डाऊन सिंड्रोम आहे का? तो नणंदेसारखा आमच्याही घरात आला का? माझं काय चुकलं? आणि प्लासेंटाचा या सगळ्याशी काय संबंध?

— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर: तुमच्या नवऱ्याच्या बोलण्यापासून सुरुवात करते. ‘एनआयपीटी नॉर्मल आली की विषय संपला’ हे डाऊन सिंड्रोमपुरतं जवळजवळ खरं आहे. वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या बाबतीत ते अजिबात खरं नाही. आणि वारेसाठी जे काही करता येतं त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते. तुम्ही तेराव्यात आहात, म्हणजे हातात वेळ आहे, पण फार नाही. तुमच्या त्या एका कागदावर दोन वेगळे प्रश्न आहेत. लाल अक्षरांमुळे सगळं घर पहिल्याकडे बघतंय. दुसरा तुमच्या डॉक्टरांनी दारात उभ्या असताना सांगितला आणि तो तिथेच राहिला.

आधी पहिला, कारण त्याच्यामुळे तुमची झोप उडाली आहे. तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारखेच आकडे आलेल्या १८० बायका एका सभागृहात बसल्या आहेत असं समजा. त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १७९ जणींच्या बाळांना नसेल. रिपोर्ट एवढंच सांगतो. बऱ्याच लॅब २५० मध्ये एक ही सीमारेषा धरतात. तिच्या आत आकडा आला की अक्षरं लाल होतात. कुठलीही तपासणी केली नसती तरी चौतिसाव्या वर्षी हा धोका साडेचारशेत एकाच्या आसपास असतोच. पंचविशीत तो साधारण १,२५० मध्ये एक असतो, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. तेव्हा ‘बाळाला डाऊन सिंड्रोम आहे का’ याचं आजचं प्रामाणिक उत्तर असं: बहुतेक नाही, पण खात्री करून घेण्याइतकी शक्यता आहे.

आता हा आकडा आला कुठून ते बघा, कारण दोन्ही प्रश्नांची गाठ इथेच आहे. डबल मार्करमध्ये तुमच्या रक्तातली दोन प्रथिनं मोजतात, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. ही दोन्ही वार तयार करते. बाळाच्या पोटातलं, मेंदूतलं, हृदयातलं काहीही या तपासणीत मोजलेलं नसतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भारपणात या दिवसांत पॅप-ए सरासरीच्या निम्म्यावर आणि बीटा एचसीजी दुपटीच्या आसपास असतं, असं हजारो गरोदर स्त्रियांच्या रक्तावरून दिसून आलं आहे. संगणक तुमचं वय, एनटीचं माप आणि हे दोन आकडे एकत्र करून शक्यता काढतो. तुमचं पॅप-ए ०.३४ एमओएम, म्हणजे त्या आठवड्याच्या मधल्या मूल्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यानं शक्यता वाढवली; १.६ च्या एनटीनं ती बरीच खाली ओढली. दोघांच्या ओढाताणीतून १:१८० निघालं.

पण बाळाचे क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, अगदी व्यवस्थित असतानाही पॅप-ए कमी असू शकतं, आणि कमी येणाऱ्यांपैकी बहुतेकींचं तसंच असतं. कधी वार थोडी कमकुवत रुजलेली असते, कधी काहीच नसतं. आणि कधी चूक कागदावर असते. म्हणून पुढे काही करण्याआधी रिपोर्टचं पहिलं पान हातात घ्या. त्यावर तुमचं वजन बरोबर लिहिलंय का? वजन जास्त असेल तर रक्तात ही प्रथिनं विरळ दिसतात आणि त्याची दुरुस्ती संगणक त्या आकड्यावरूनच करतो. दिवस पाळीच्या तारखेवरून धरलेत की स्कॅनमधल्या बाळाच्या लांबीवरून? या आठवड्यांत पॅप-ए भराभर वाढत असतं, त्यामुळे गर्भ प्रत्यक्षात पाच-सहा दिवसांनी लहान असेल तर ते उगाच कमी दिसतं. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले असं तुम्ही लिहिलंय. आयव्हीएफ केलं असेल तर तशी नोंद आहे का तेही बघा, कारण आयव्हीएफमध्ये पॅप-ए मुळातच थोडं कमी असतं. मधुमेह असेल तर तोही सांगितलेला हवा. यातलं काही चुकलं असेल तर लॅब नवं रक्त न घेताही नव्यानं हिशोब करून देते. हे विचारायला संकोच करू नका.

तुमचं काय चुकलं, याचं उत्तर मी अगदी ठामपणे देते: काहीही नाही. आपल्या पेशींत ४६ क्रोमोसोम असतात, २३ जोड्या. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत तिसरा असतो. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेजन, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पें यांनी हे जगापुढे मांडलं, आणि तोवर आयांना चिकटवलेली कितीतरी कारणं तिथे निकालात निघाली. हा तिसरा क्रोमोसोम बहुतेक वेळा स्त्रीबीजातून येतो, कधीकधी पुरुषबीजातून. स्त्रीबीजं बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात, विभाजनाला सुरुवात करतात आणि मध्येच थांबतात. ते थांबलेलं विभाजन पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी, बीज सुटायच्या वेळी पुढे सरकतं. इतकी वर्षं एकमेकांना धरून राहिलेल्या जोडीची पकड वयानुसार सैल होते आणि वाटणी असमान होते. वयाचा संबंध एवढाच. दिवस राहिले त्या घटकेला बाळाचे क्रोमोसोम ठरून गेलेले असतात. ग्रहण त्यानंतर लागलं. ऑफिसला जाणं, पपई खाणं, दुचाकीवरून जाणं, रडणं, चिडणं, यातल्या कशानंही क्रोमोसोम वाढत नाही किंवा कमी होत नाही. सासूबाईंशी यावर वाद घालत बसू नका. त्या घाबरल्या आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला कारण हवं असतं. पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा.

नणंदेच्या मुलाबद्दल मात्र एक काम लगेच करायचं आहे. त्याचा जुना कॅरिओटाइपचा, म्हणजे क्रोमोसोमच्या तपासणीचा रिपोर्ट नणंदेकडे नक्की असेल, तो मागून घ्या. डाऊन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के मुलांमध्ये एकविसावा क्रोमोसोम सुटा, तिसरा असा असतो. तसं असेल तर ती त्या एका बीजातली घटना होती, तिचा तुमच्या बाळाशी संबंध नाही. तीन-चार टक्के मुलांमध्ये मात्र तो जादा भाग दुसऱ्या एखाद्या क्रोमोसोमला, बरेचदा चौदाव्याला, जोडला गेलेला असतो. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. त्यातल्या काही घरांत आईवडिलांपैकी एकजण असा जोड घेऊन अगदी निरोगी जगत असतो आणि तो भावंडांतही असू शकतो. भाच्याच्या रिपोर्टमध्ये ट्रान्सलोकेशन असेल तर आधी नणंद आणि तिचे पती यांची तपासणी झाली होती का ते विचारा. नणंदेत तो जोड असेल तर तुमच्या नवऱ्याचीही रक्ततपासणी हवी. वडिलांकडून असा जोड असताना बाळाला डाऊन सिंड्रोम होण्याची शक्यता एखाद्या टक्क्याच्या आसपास असते, आईकडून असेल तर दहा-पंधरा टक्के. एका कागदानं सुटणारी शंका आहे ही.

आता एनआयपीटी. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए तरंगत असतो हे १९९७ साली डेनिस लो यांच्या गटानं दाखवलं आणि २०११ पासून त्यावर आधारलेली तपासणी दवाखान्यांत मिळू लागली. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभर गर्भांपैकी नव्याण्णव ती ओळखते. तुमच्यासारख्या आकड्यांवर ती ‘लो रिस्क’ आली तर उरलेली शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी होते. डबल मार्करच्या कित्येक पट महाग आहे, हे खरं.

पण हा डीएनएसुद्धा येतो वारेच्याच पेशींमधून. फलित बीज पाच दिवसांचं असतानाच त्याच्या बाहेरच्या पेशी वार व्हायला निघतात आणि आतल्या पेशी बाळ. दोघांचा उगम एक, पण कधीकधी वारेतल्या काही पेशींत जादा क्रोमोसोम असतो आणि बाळात नसतो. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासतात त्या सीव्हीएसमध्ये अशी वार शंभरात एक-दोन वेळा सापडते. म्हणून एनआयपीटी ‘हाय रिस्क’ आली तरी तिच्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. घरात कुणी कितीही घाई केली तरी नाही. त्यापुढे गर्भजल तपासणी करायची, पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर. गर्भजलात बाळाच्या त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या पेशी असतात, त्यामुळे तिथे खुद्द बाळाचे क्रोमोसोम दिसतात. प्राथमिक उत्तर दोन-तीन दिवसांत मिळतं, पूर्ण कॅरिओटाइपला दोनेक आठवडे लागतात कारण पेशी वाढवाव्या लागतात. अनुभवी हातांत या तपासणीमुळे गर्भपात होण्याचा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. लोक सांगतात तितकी ती भयंकर नाही, आणि एनआयपीटीतून विचारता येत नाहीत अशा बऱ्याच गोष्टींची उत्तरं तिच्यात मिळतात.

तुमच्या जागी काय करावं? एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असती, किंवा स्कॅनमध्ये काही दोष दिसला असता, तर मी सरळ गर्भजल तपासणीच सुचवली असती. तुमचा स्कॅन चांगला आहे. भाच्याचा रिपोर्ट सुट्या तिसऱ्या क्रोमोसोमचा निघाला तर याच आठवड्यात एनआयपीटीचं रक्त द्या. रिपोर्ट पंधराव्या आठवड्यापर्यंत हातात येईल, आणि त्यानंतर गर्भजल तपासणी करावी लागलीच तरी अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात सगळं चित्र स्पष्ट होईल. नवऱ्यात ट्रान्सलोकेशन निघालं तर मात्र थेट गर्भजल. यांपैकी कुठल्याही रिपोर्टमध्ये बाळ मुलगा की मुलगी हे तुम्हाला सांगितलं जाणार नाही. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानं ते सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, आणि घरातल्या कुणाला तसं विचारायचा मोह झाला तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

इथवर आलं की बहुतेक घरं थांबतात. समुपदेशन करताना हे मी पुन्हा पुन्हा बघते: एनआयपीटी ‘लो रिस्क’ येते, पेढे वाटले जातात, फाइल कपाटात जाते. आणि ०.३४ तसंच राहतं. ते कुणीच विचारत नाही. मग बत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब अचानक चढतो किंवा बाळ वजनात मागे पडलेलं दिसतं, आणि सगळे म्हणतात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल होता.’ तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे उत्तर एवढं लांबलं आहे.

वार रुजते तेव्हा तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, वळणदार धमन्यांमध्ये शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करतात, म्हणजे आईचं रक्त कमी दाबानं पण भरपूर येऊ शकतं. हे काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत पुरं होतं. ते अर्धवट राहिलं तर धमन्या अरुंदच राहतात. बाळाला रक्त कमी पडतं, त्याची वाढ मंदावते. वार ताणाखाली येते आणि तिथून आईच्या रक्तात जे पदार्थ सुटतात त्यांच्यामुळे आईच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, यकृत बिघडायला लागतात, रक्तदाब चढतो. त्यालाच प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पॅप-एचं काम वाढीशी निगडित आहे: वाढीला मदत करणारा आयजीएफ नावाचा घटक एका दुसऱ्या प्रथिनानं बांधून ठेवलेला असतो, पॅप-ए ते प्रथिन कापून त्याला मोकळं करतं. पॅप-ए कमी म्हणजे हा मोकळा घटक कमी. म्हणून ०.४ च्या खालचं पॅप-ए हे बाळाची वाढ मागे पडण्याच्या धोक्याचं एक चिन्ह मानतात. चिन्ह आहे, निकाल नव्हे. अशा बहुतेक गर्भारपणांत बाळ चांगल्या वजनाचं आणि वेळेवर जन्मतं. पॅप-ए वाढवणारं औषध नाही आणि ते पुन्हा मोजण्यातही अर्थ नाही. करायचं असतं ते पुढचं.

या दोन-तीन दिवसांतच, एनआयपीटीच्या रिपोर्टची वाट न बघता, डॉक्टरांकडे जा आणि हा प्रश्न याच शब्दांत विचारा: ‘माझा प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका किती आहे, आणि मला अॅस्पिरिन सुरू करायची का?’ त्या तुमचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजतील, एनटी स्कॅनच्या वेळी गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला असेल तर तो बघतील, उपलब्ध असेल तर पीएलजीएफ हे रक्तातलं वारेचंच आणखी एक प्रथिन मोजतील, तुमच्या आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला होता का विचारतील. धोका जास्त निघाला तर रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन देतात, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करून छत्तिसाव्यापर्यंत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अॅस्प्रे या मोठ्या चाचणीत, धोका जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये सदतीस आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्री-एक्लॅम्प्सिया या गोळीनं ६२ टक्क्यांनी कमी झाला. उशिरा सुरू केली तर एवढा फायदा होत नाही, कारण तोवर धमन्यांचं काम बरंचसं उरकलेलं असतं. मात्र ही गोळी मनानं सुरू करू नका. पोटात अल्सर, अॅस्पिरिननं येणारा दमा, रक्तस्रावाचा आजार यांत ती चालत नाही. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणून घरचे घाबरले तर त्यांना कारण सांगा.

त्यानंतरचं वेळापत्रक आत्ताच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. एकोणिसाव्या-विसाव्या आठवड्यात अॅनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघणारा), त्यातच गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर. मग अठ्ठावीस, बत्तीस आणि छत्तीस आठवड्यांना ग्रोथ स्कॅन, गरज वाटली तर अधूनमधून आणखी. वाढ मागे पडली तर नाळेच्या डॉपलरवरून बाळाला किती दिवस आत ठेवणं सुरक्षित आहे ते ठरवता येतं. म्हणून प्रसूतीसाठी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय निवडा, आणि निवडताना सिंहगड रस्त्याची संध्याकाळची गर्दी हिशोबात धरा. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्या. विसाव्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहायचं.

पडून राहण्यानं वार सुधारत नाही. उलट सतत झोपून राहिलं की पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. नोकरी सोडू नका. खराडीपर्यंतचा प्रवास रोज दमवत असेल तर काही दिवस घरून काम मागा, पण ते दमल्यामुळे, भीतीमुळे नको. खाण्याकडे मात्र खरंच लक्ष द्या. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ज्या बायका दूध, पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जन्मतः मोठी होती, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये बी-१२ कमी होतं. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. रोज मेथी, पालक, चवळी, राजगिरा यांपैकी एखादी भाजी, वरण किंवा उसळ, दूध-ताक, एखादं फळ. लोहाच्या गोळ्या चुकवू नका. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल, तंबाखू खात असेल, सिगरेट ओढत असेल, तर मिश्री तुम्ही हातात घ्यायची नाही आणि सिगरेट घराबाहेर. तंबाखू कुठल्याही रूपात वारेला घातक आहे.

आता भाच्याबद्दल. तुमच्या पत्रातल्या त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. त्याच्यावर जीव असणं आणि आपल्या बाळाला हृदयाचे, कानांचे, थायरॉइडचे त्रास नसावेत, शिकणं त्याला जड जाऊ नये असं वाटणं, या दोन्ही भावना एकाच मनात राहू शकतात. पहिली खोटी ठरत नाही. नणंदेला हे बोलून दाखवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला वाढवणं म्हणजे काय हे तिच्याइतकं नेमकं तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही. वैद्यकातलं जेवढं मला सांगता येतं ते असं: साधारण निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो आणि त्यातले बरेचसे शस्त्रक्रियेनं दुरुस्त होतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रगत देशांतही या मुलांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात गेलं आहे. लवकर सुरू केलेली फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार यांनी खूप फरक पडतो. पुण्यात गोखलेनगरच्या कामायनीसारख्या शाळा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या मुलांना हक्क दिले आहेत, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

गर्भजलाचा रिपोर्ट डाऊन सिंड्रोमचा आलाच, तर पुढे काय करायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि दोन्ही वाटांना माझ्याकडून सारखाच आधार मिळेल. कायदा काय सांगतो एवढं आधीपासून माहीत असावं: २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो, चोवीसपर्यंत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं, आणि त्यानंतर गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. संमती फक्त तुमची लागते. सासरची नाही, माहेरची नाही, नवऱ्याचीही नाही. बाळ ठेवायचं ठरलं तर विसाव्या ते चोविसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाचा इको करा, आणि वारेकडे आणखी बारकाईनं बघायला सांगा, कारण अशा गर्भारपणात वाढ मंदावण्याचं आणि वार थकण्याचं प्रमाण जास्त असतं. तिथेही डॉपलर लागतोच.

शेवटी ही लक्षणं, नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही वाचून दाखवा. विसाव्या आठवड्यानंतर डोकं दुखणं थांबत नसेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या येत असतील, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, चेहरा आणि हात एकदम सुजले असतील, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर दिसला, रक्तस्राव झाला, किंवा अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असतील तरी गाडी काढायची आणि प्रसूती विभागात जायचं. फाइल बरोबर घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पॅप-ए ०.३४ आलं होतं.